दहावीनंतर काय? दिव्यांग विद्यार्थ्यांना कायदा काय देतो आणि ते कधी मागायचं

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, ज्यांच्याकडे रेंज नाही किंवा ज्यांना ऐकूच येत नाही, त्यांच्यासाठी हा लेखी उतारा. बोलताना जे "म्हणजे", "तर", "काय म्हणतात त्याला" येतं ते काढून टाकलंय, बाकी तेच आहे.

दर भागाचा उतारा का टाकतोस, असं बरेच जण विचारतात. माझा डावा कान लहानपणी वाहायचा आणि वाहून वाहून गेला. म्हणून लिहिलेलं मला जवळचं वाटतं. आजचा विषय मात्र माझ्या कानाचा नाही, माझ्या मावसबहिणीचा आहे.

ती झरी जामणी तालुक्यातली, मुकुटबनच्या बाजूच्या एका गावातली. नववीत आहे. दिवाळीच्या सुट्टीच्या आधी तिचा व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज आला: "दादा, दहावी झाल्यावर मी काय करू? मॅडम म्हणते आर्ट्स घे, सोपं असते. आई म्हणते घरी राहा. तू सांग."

मी तीन दिवस उत्तर दिलं नाही. कारण मला उत्तर माहीतच नव्हतं.

तिला कमी दिसतं. चष्मा लावूनही फळ्यावरचं दिसत नाही. पहिल्या बाकावर बसते, मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेते, पुस्तक नाकाला लावून वाचते. शाळेतले शिक्षक वाईट नाहीत. उलट दया करतात, पेपर अर्धा राहिला तरी पास करतात. पण दया बोर्डाच्या परीक्षेला चालत नाही आणि नोकरीच्या परीक्षेला तर नाहीच नाही. तिथे कागद लागतो. मग मी कायदे वाचायला बसलो. वाचून जे कळलं ते आज सांगतो. तुमच्या घरात, शेजारी, वर्गात असं कुणी असेल तर त्याला हा भाग पाठवा.

दोन कायदे आणि मधली चार वर्षं

पहिला कायदा तुम्हाला माहीत आहे, शिक्षणाचा हक्क म्हणजे आरटीई. २००९ चा कायदा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. २०१२ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि दिव्यांग मुलं वंचित गटात स्पष्टपणे आली. ज्यांचं अपंगत्व तीव्र किंवा बहुविध आहे, त्यांना घरी राहून शिकण्याचा पर्यायही मिळाला.

पण आरटीई आठवीला संपतो. करिअरचा विचार कधी सुरू होतो? नववीत! म्हणजे ज्या दिवशी "पुढे काय" हा प्रश्न पडतो, त्याच दिवशी हा कायदा हात सोडतो.

तिथे दुसरा कायदा येतो: दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला. याच्या आधी १९९५ चा कायदा होता, त्यात ७ प्रकारचं अपंगत्व मोजलं जायचं. आता २१ प्रकार आहेत. सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आहे, ऑटिझम आहे, लिहिण्यावाचण्यातली अक्षमता आहे, अ‍ॅसिड हल्ल्यात जखमी झालेले आहेत. विदर्भातल्या लोकांनी सिकलसेल हा शब्द नीट ऐकावा. आपल्याकडे हा आजार बऱ्याच घरांत आहे आणि तो या यादीत येतो हे पुष्कळांना माहीत नसतं.

या कायद्याचं कलम ३१ सांगतं की ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळच्या शाळेत, किंवा त्याने निवडलेल्या विशेष शाळेत. १४ नाही, १८. मधली ही चार वर्षं म्हणजे नववी, दहावी, अकरावी, बारावी. माझ्या बहिणीसाठी सगळा खेळ या चार वर्षांचा आहे.

मावशीचा प्रश्न

हे सगळं वाचून मी खुशीत मावशीकडे गेलो. म्हटलं, आधी प्रमाणपत्र काढू. यूडीआयडी कार्ड म्हणतात त्याला. स्वावलंबन नावाच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा, मग सरकारी दवाखान्यात तपासणी होते. टक्केवारीनुसार कार्डाचा रंग ठरतो: ४० च्या खाली पांढरा, ४० ते ८० च्या मधे पिवळा, ८० आणि त्याच्या वर निळा.

मावशी कापूस निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काहून काढाचं ते सर्टिफिकेट? उद्या गावभर होईन. पोरीच्या लग्नाचं काय?"

मी कलम ३१ सांगायला लागलो. अजिबात उपयोग झाला नाही. खरं सांगतो, माझ्याजवळ या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मावशीची भीती खोटी नाही. सरकारी कागदावर "अपंगत्व" लिहून आलं की गाव वेगळ्या नजरेने बघतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

बहीण आतल्या खोलीतून बोलली: "आई, सर्टिफिकेट नाही काढलं तं दहावीत मार्क कमी पडतीन. मार्क कमी पडले तं तुमी माह्यं लग्नच करून टाकसान. मंग काढून पाह्यलं तं काय होते?"

मावशी हसली. आणि आठ दिवसांनी आम्ही तिघं यवतमाळच्या गाडीत बसलो.

झरीवरून जिल्ह्याला जायचं म्हणजे पांढरकवडा गाठायचा, तिथून पुढे. सकाळी निघालं की परत यायला रात्र. एक दिवस मावशीची मजुरी बुडाली, माझी रजा गेली. डॉक्टर तपासतात त्या दिवशी नंबर लागला नाही तर दुसरी चक्कर. आमची दुसरी चक्कर झालीच. कायदा दिल्लीत एका ओळीत लिहिलेला असतो, पण तो मुकुटबनला पोचेपर्यंत त्याला दोन दिवसांची मजुरी लागते. हेही कुणीतरी मोजायला पाहिजे.

काही आठवड्यांनी कार्ड आलं, पिवळं. मावशीला त्यातली पहिली आवडलेली गोष्ट कुठली? एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत. म्हणाली, "हे आदी सांगाचं ना बाप्पा!"

कार्ड हातात आलं, आता शाळेत काय मागायचं

इथून पुढचं लक्ष देऊन ऐका, कारण करिअरची तयारी इथेच होते किंवा इथेच बुडते.

कायद्याचं कलम १७ सांगतं की परीक्षेत आणि अभ्यासक्रमात योग्य ते बदल करायचे: जास्तीचा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट. १८ वर्षांपर्यंत पुस्तकं आणि शिकायची साधनं मोफत द्यायची. दर पाच वर्षांनी शाळेत जाणाऱ्या मुलांचं सर्वेक्षण करायचं, म्हणजे कुणाला काय लागतं ते आधीच कळेल.

जास्तीचा वेळ म्हणजे किती? केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे परीक्षेच्या प्रत्येक तासाला किमान २० मिनिटं. तीन तासांच्या पेपरला एक तास. माझी बहीण दरवेळी शेवटचे दोन प्रश्न सोडते, कारण प्रश्नपत्रिका वाचण्यातच तिचा वेळ जातो. एक तास म्हणजे तिच्यासाठी ते दोन प्रश्न. याला "मेहेरबानी" म्हणू नका. बाकीच्या मुलांना जे तीन तासांत वाचता येतं, तेच तिला चार तासांत वाचता येतं. पेपर तोच, प्रश्न तेच, मार्कही तेवढेच.

लेखनिक स्वतः आणायचा असेल तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीच्या एक पायरी खालचं असावं लागतं. दहावीच्या मुलीला नववीतली मैत्रीण चालते, बारावी झालेला भाऊ चालत नाही. शेवटच्या दिवशी हे कळलं की धावपळ होते. आणि लेखनिकाला उत्तर सांगून लिहून घेणं ही सवयीची गोष्ट आहे. मनात वाक्य तयार करून ते दुसऱ्याला बोलून दाखवायचं, स्वल्पविराम कुठे ते सांगायचं, गणिताच्या पायऱ्या तोंडी सांगायच्या. सराव लागतो. म्हणून नववीतच मागायचं, घटक चाचणीपासून. दहावीला ही सवलत शाळेमार्फत बोर्डाकडे मागावी लागते, परीक्षेचा फॉर्म भरतानाच. आपल्या जिल्ह्यासाठी अमरावतीचं विभागीय मंडळ आहे.

आम्ही मुख्याध्यापकांना अर्ज दिला. आधी उत्तर मिळालं, "तिला तसं दिसते ना, कशाला लेखनिक?" आम्ही लेखनिक मागितलाच नव्हता. आम्ही वेळ आणि मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका मागितली होती. हा फरक समजावून सांगायला तीन चकरा लागल्या. शेवटी अर्जावर शिक्का मारून पोच घेतली. ही पोच जपून ठेवा मंडळी. तोंडी "हो बघू" हे कायद्यात कुठेच बसत नाही.

पैशाचंही सांगतो. समग्र शिक्षा योजनेत पहिली ते बारावीच्या दिव्यांग मुलींसाठी महिन्याला २०० रुपये भत्त्याची तरतूद आहे. नववी-दहावीला केंद्राची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे आणि अकरावीपासून पोस्ट-मॅट्रिक. दोन्हीला पालकांचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत लागतं. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, तारखेच्या आत. ग्रामपंचायतीनेही आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत विचारा, मागच्या वर्षी कशावर खर्च झाले?

टक्के ४० च्या खाली असतील तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. शिक्षणातलं आणि नोकरीतलं आरक्षण ४० टक्क्यांच्या वर. पण त्याच्या खाली सगळं संपलं, असं नाही.

११ फेब्रुवारी २०२१ ला सुप्रीम कोर्टाने विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात निकाल दिला. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता आणि त्याला लेखनिक नाकारला होता. कोर्टाने सांगितलं की ४० टक्क्यांची अट आरक्षणासाठी आहे. वाजवी सोय मिळण्याचा हक्क प्रत्येक दिव्यांग व्यक्तीचा आहे. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४० च्या खालच्या, पण लिहायला अडचण असलेल्या उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना काढल्या.

माझ्या एका कानाचं मात्र यात काहीच नाही. कायद्याची व्याख्या दोन्ही कानांची आहे, आणि माझा उजवा कान ठणठणीत. मी तक्रार करत नाही. पण शाळेत मला कुणी डाव्या भिंतीजवळ बसवलं असतं, म्हणजे उजवा कान शिक्षकांकडे राहिला असता, तर इतकी वर्षं "लक्ष नसते याचं" हे ऐकावं लागलं नसतं. त्याला कार्डही लागत नव्हतं, नुसतं विचारायला पाहिजे होतं.

बारावीनंतरचा रस्ता

कलम ३२: सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा, वयात ५ वर्षांची सूट.

कलम ३४: सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के. यातला एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी, एक टक्का कर्णबधिर, एक टक्का हातापायांचं अपंगत्व आणि चौथा टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार, बहुविकलांगता यांच्यासाठी. "सरकारी" म्हणजे फक्त मंत्रालय नाही. सरकारी कंपन्याही त्यात येतात. वणी भागातल्या वेकोलिच्या कोळसा खाणी आपल्याला रोज दिसतात, ती सरकारी कंपनी आहे. कामाचं स्वरूप बघून काही पदं सरकार अधिसूचना काढून वगळू शकतं, पण ऑफिसात टेबल-खुर्चीची कामंही असतात ना.

कुठल्या पदावर कुठल्या प्रकारचं अपंगत्व चालतं याची यादी असते. केंद्राच्या ४ जानेवारी २०२१ च्या यादीत अ, ब, क, ड मिळून ३,५६६ पदं आहेत. कोर्स निवडायच्या आधी ही यादी बघा. नाहीतर तीन वर्षं शिकून झाल्यावर कळतं की त्या पदाला तुमचा प्रकार बसत नाही.

आणि झरी जामणीसाठी हे फार महत्त्वाचं: दिव्यांगांचं आरक्षण समांतर असतं. म्हणजे गोंड किंवा कोलाम समाजातल्या दिव्यांग मुलाला "एसटी घे किंवा दिव्यांग घे" असं निवडायचं नसतं. तो एसटी प्रवर्गातच दिव्यांग म्हणून मोजला जातो. फॉर्ममध्ये दोन्ही रकाने भरायचे. एक रिकामा सोडला तर नुकसान तुमचंच.

खाजगी कंपन्यांचं काय? तिथे आरक्षणाची सक्ती नाही. मात्र प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण तयार करावं, असं कलम २१ सांगतं. आपल्या भागात सिमेंट कारखाना आलाय. मुलाखतीला गेलात तर विचारायला हरकत नाही: तुमचं हे धोरण कुठे बघायला मिळेल?

आता कुणी म्हणेल, कायदे पुष्कळ झाले, खरंच मिळतं का? उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचं उदाहरण घ्या. लहानपणी दृष्टी गेली. यूपीएससीत पहिल्यांदा ७७३ वा क्रमांक आला, रेल्वेच्या लेखा सेवेत जागा मिळाली आणि मग दृष्टी नाही म्हणून नियुक्ती नाकारली. कायदा तेव्हाही होता! त्यांनी परत परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक आणला आणि आयएएस झाल्या. आपण त्यांच्या जिद्दीच्या गोष्टी सांगतो, सांगायलाच पाहिजेत. पण मला वाटतं, एकाच माणसाला तीच परीक्षा दोनदा पास करायला लावणं ही कौतुकाची गोष्ट नाही.

अलीकडे कोर्ट आणखी स्पष्ट बोलायला लागलंय. २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याच्या एमबीबीएस प्रवेशाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसती टक्केवारी बघून मुलाला बाद करता येणार नाही. तो तो कोर्स करू शकतो का, हे तपासायला हवं. ३ मार्च २०२५ ला कोर्टाने सांगितलं की दृष्टी नाही म्हणून कुणाला न्यायाधीश होण्यापासून अडवता येणार नाही.

जे आपल्या कायद्यात नाही

एक गोष्ट मला खटकली. अमेरिकेत दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे. त्यात आज अशी सक्ती आहे की मुलगा १६ वर्षांचा होईपर्यंत शाळेने त्याच्या पुढच्या आयुष्याची योजना कागदावर लिहायची: पुढचं शिक्षण कुठलं, नोकरी कशाची, त्यासाठी आत्ता काय शिकवायचं. आणि त्या बैठकीला त्या मुलालाही बोलवायचं.

आपल्याकडे कलम १९ मध्ये कौशल्य प्रशिक्षण आहे, सवलतीचं कर्ज आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकायला जाणं आहे. पण या एका मुलीसाठी, तिच्या नावाने, असा कागद कुणी करायचा? ते कुणाच्याच कामात लिहिलेलं नाही. म्हणून प्रश्न शेवटी माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर आला.

मग आम्हीच कागद केला. वहीचं एक पान, चार रकाने: मला काय आवडतं, मला काय जमतं, मला कशाची मदत लागते, कुठला अर्ज कधीपर्यंत. "काय जमतं" मध्ये तिने काही लिहिलं नाही. मावशी बाजूला बसली होती, ती म्हणाली, "बचत गटाचा हिशोब कोन करते? व्याज तोंडी सांगते हे. बाया कॅल्क्युलेटर घेऊन बसतेत तवरक हिचं होऊन जाते."

हे मला माहीत नव्हतं. शाळेलाही माहीत नव्हतं, कारण तिथे गणित फळ्यावर असतं.

तिने रकान्यात लिहिलं, "हिशोब". पुढे लिहिलं, "बँक?" प्रश्नचिन्हासकट. क्लर्कच्या परीक्षेला पदवी लागते, म्हणजे अजून सहा-सात वर्षं. आर्ट्स सोपं म्हणून घ्यायचं की कॉमर्स घ्यायचं, हा प्रश्न आता वेगळा झाला.

दरम्यान मोबाईलवर तिची शाळा सुरू झालीय. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत टॉकबॅक असतं, अक्षर मोठं करायची सोय असते, फुकट. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, पाहिजे तेवढी मोठी करून वाचता येतात. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर पडद्यावरचं वाचून दाखवतं, तेही फुकट. सुगम्य पुस्तकालय ही ऑनलाइन लायब्ररी दृष्टिबाधितांसाठीच आहे. सेटिंग करायला मला दहा मिनिटं लागली. नऊ वर्षं ती नाकाला पुस्तक लावून वाचत होती.

अडलं तर

शाळेने, कॉलेजने, परीक्षा घेणाऱ्यांनी ऐकलं नाही तर लेखी तक्रार करायची. राज्यात दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्याला आहे, कायद्याने त्यांना अशा तक्रारी ऐकायचा अधिकार दिलाय. डिसेंबर २०२२ पासून महाराष्ट्रात दिव्यांग कल्याण हा स्वतंत्र विभागही आहे. अर्ज साधा मराठीत चालतो. सोबत कार्डाची प्रत, शाळेला दिलेल्या अर्जाची पोच आणि काय मागितलं, काय मिळालं ते दोन ओळीत. म्हणून म्हटलं, पोच जपा.

सहामाहीच्या पेपरला माझ्या बहिणीला पहिल्यांदा वेळ वाढवून मिळाला. प्रश्नपत्रिका मात्र बारीक अक्षरातलीच आली, "झेरॉक्सवाला बंद होता" म्हणे. तरी तिने शेवटचे दोन प्रश्न सोडवले. व्हॉइस मेसेज आला: "दादा, पेपर पुरा झाला. पन वर्गातले पोट्टे म्हणते, तुले जास्त टाइम भेटला म्हणून."

मी तिला उत्तर पाठवलं आणि तेच तुम्हालाही सांगतो, कारण तुमच्यातले कितीतरी जण त्या वर्गातले पोट्टे असतील. परीक्षा संपल्यावर तिची वही एकदा तिच्यासारखी नाकाला लावून वाचून बघा. घड्याळ लावून.

तुमचा अनुभव व्हॉइस मेसेजने पाठवा. बोलायला अडचण असेल तर लिहून पाठवा, मी वाचून दाखवीन. पुढच्या भागात अर्ज कसा लिहायचा ते ओळीने बघू. येतो मंडळी, जय महाराष्ट्र!